किती लोक बुडणार? आधी लेव्हल बघूया

समुद्र वाढला की जगात किती लोक पाण्यात जाणार असं नेटवर शोधा, ११ कोटी मिळतील, १९ कोटी मिळतील, ३४ कोटी, ६३ कोटी आणि कुठंतरी १०० कोटी पण मिळतील, आणि हे पाचही आकडे एकाच रिसर्च पेपरातले आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेला स्कॉट कल्प आणि बेंजामिन स्ट्रॉस ह्या दोघांचा पेपर, दोघेही क्लायमेट सेंट्रल ह्या अमेरिकन संस्थेतले. पाचही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येईपर्यंत प्रश्न गळून पडतो, आकडा तेवढा राहतो.

आता बेळगावात साडेसातशे मीटर उंचीवर बसलेल्या माणसाला ह्याचं काय पडलंय असं कुणी विचारेल. पण बेळगाव-खानापूरकडचं प्रत्येक घर गोव्याला कुठंतरी बांधलेलं आहे, कुणाची नोकरी तिकडं, कुणाची भाजीची गाडी रोज चोर्ला घाटातून उतरते, कुणाची लेक तिकडं दिलेली. आमची अक्का तिकडंच आहे आणि दाजींनी पणजीच्या बाजूला खाडीच्या जवळ एक फ्लॅट बघून ठेवलाय. तेव्हापासून ते मला बुडणाऱ्या शहरांचे नकाशे फॉरवर्ड करतात. "तू लेव्हलवाला आहेस, सांग बघू हे खरं की खोटं." माझं काम साइट सर्व्हेचं, म्हणजे ऑटो लेव्हल, स्टाफ, बेंचमार्क आणि दिवसभर आर.एल. (म्हणजे त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची) काढत बसणे, त्यामुळं ह्या विषयात मला समुद्रापेक्षा जमिनीची बाजू जास्त कळते, आणि माझं मत असं झालंय की ह्या सगळ्या हिशोबात सगळ्यात कच्ची बाजू जमिनीचीच आहे.

पाण्याचं आधी उरकून घेतो. आयपीसीसी ह्या युनोच्या हवामान समितीच्या २०२१ च्या रिपोर्टप्रमाणं १९०१ ते २०१८ मध्ये जगाची सरासरी समुद्रपातळी २० सेंटिमीटर वाढली. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत वेग वर्षाला १.३ मिलिमीटर होता, २००६ ते २०१८ मध्ये तो ३.७ वर गेला. कारणं दोनच मोठी, पाणी तापलं की फुगतं आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो. २१०० पर्यंत अजून किती, तर धूर (म्हणजे कार्बन वगैरे वायू) एकदम कमी केला तर साधारण २८ ते ५५ सेंटिमीटर, असाच सोडत राहिलो तर ६३ सेंटिमीटर ते १ मीटर (अंटार्क्टिकाचा बर्फ अचानक ढासळला तर ह्यापेक्षा जास्त, ती शक्यता त्यांनी वेगळी सांगितली आहे). आपल्याकडच्या नोंदी पण चांगल्या आहेत, मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटी मोजतात, आशियातल्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी ती एक. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या उन्नीकृष्णन आणि शंकर ह्यांनी २००७ मध्ये अशा जुन्या नोंदींवरून उत्तर हिंदी महासागरासाठी वर्षाला सरासरी १.२९ मिलिमीटर हा आकडा काढला होता. म्हणजे पाण्याबद्दल भांडण आहे ते अर्धा मीटर की एक मीटर असं.

आता जमीन. जगातल्या सगळ्या किनाऱ्यांची उंची कुणी ऑटो लेव्हल घेऊन मोजलेली नाही, शक्यच नाही ते. बऱ्याच वर्षांपर्यंत अशा हिशोबांना वापरायचे ते एसआरटीएम, म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून ११ दिवस रडार फिरवून काढलेली जगाची उंची. फुकट मिळते, जवळजवळ सगळी वस्ती असलेली जमीन त्यात आहे, आम्ही पण प्रिलिमिनरी रिपोर्टला डोळे झाकून वापरतो. पण त्यात उंची पूर्ण मीटरमध्येच आहे. ३ मीटर नाहीतर ४ मीटर, मध्ये काही नाही. आणि रडारला जमीन दिसत नाही हो, जे वर आहे ते दिसतं, झाडाचा शेंडा, घराचं छप्पर.

हे मला कुणी पुस्तकातून समजवायची गरज नव्हती. चिकोडीकडं उभ्या उसावर ड्रोन सर्व्हे केलेला कुणीही सांगेल, फोटोवरून कंटूर (सारख्या उंचीच्या रेषा) काढले की शेत बांधापेक्षा दहा-बारा फूट वर येतं, क्लायंट म्हणतो अहो आमचं शेत खड्ड्यात आहे आणि तुमच्या ड्रॉइंगमध्ये टेकाडावर कसं काय. ऊस तोडल्यावर परत या, एवढंच उत्तर असतं. जगाच्या किनाऱ्यावर मात्र ऊस तोडून मिळत नाही. तिथं नारळ आहेत, तिवर आहेत, चाळी आणि टॉवर आहेत, आणि सगळ्यात दाट वस्ती असते तिथंच चूक जास्त. अमेरिकेत विमानातून लेझर मारून किनारा नीट मोजलेला आहे, त्याच्याशी ताडून बघितलं तर सखल किनाऱ्यावर एसआरटीएम सरासरी ३.७ मीटर जास्त उंची दाखवत होतं.

म्हणजे बघा, प्रश्न अर्धा-एक मीटर पाण्याचा आणि फूटपट्टीत चूक साडेतीन मीटरच्या वर. आमच्या साइटवर असली लेव्हल दिली तर बिल पास होणार नाही.

कल्प आणि स्ट्रॉसनी काय केलं, तर अमेरिकेचा लेझरचा डेटा खरा धरून एक न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, शिकवलं, इथं झाडं इतकी, वस्ती इतकी, उतार इतका, मग एसआरटीएम इथं किती चुकत असेल ते सांग, अशा वीसेक गोष्टी त्याला दिल्या आणि जगभरच्या किनाऱ्याची उंची दुरुस्त करून घेतली. जमीन कागदावर खाली आली आणि माणसांचा आकडा वर गेला. आज नेहमीच्या भरतीरेषेच्या खाली राहणारे लोक जुन्या उंचीप्रमाणं २.८ कोटी होते, नवीन उंचीप्रमाणं ११ कोटी. भारतात २०५० ला वर्षातून एकदा तरी पाणी यायच्या पातळीखाली जुन्या हिशोबानं ५० लाख, नवीन हिशोबानं ३ कोटी ६० लाख. बांगलादेशात ५० लाखांचे ४ कोटी २० लाख. समुद्र तोच, माणसं तीच, फक्त लेव्हल बदलली.

आणि त्याच वर्षी व्हिएतनामच्या मेकाँग त्रिभुज प्रदेशाचा अजून एक पेपर आला होता, तो मला ह्याच्यापेक्षा जास्त झोंबला. तिथली सरासरी उंची सगळे २.६ मीटर धरून चालले होते, स्थानिक सर्व्हेच्या लेव्हल घेऊन बघितलं तर ०.८ मीटर निघाली. गोंधळ झाडांपुरता नव्हता, शून्य कुठलं धरायचं ह्यातच घोळ होता. सॅटेलाइटच्या उंचीचं शून्य वेगळं, तिथल्या समुद्राचं खरं शून्य वेगळं, आणि दोन्ही जुळवून न घेता पाणी चढवलं.

शून्याचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण ह्यात आपल्या शेजारचं कारवार येतं. भारतात आर.एल. म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर खाली बारीक अक्षरात असते ती. ही सपाटी ठरली नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून, अपोलो बंदर, कोची, मद्रास, कराची वगैरे आणि त्यात कारवार पण होतं. त्यावरून देशभर उंची मोजत नेण्याचं पहिलं काम (लेव्हल नेट) १९०९ ला पूर्ण झालं. म्हणजे ते शून्य शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या समुद्राचं आहे, वर्षाला सव्वा मिलिमीटरनं साधा गुणाकार केला तर चौदा-पंधरा सेंटिमीटर समुद्र त्याच्यावर येऊन बसलाय आणि पाटीवरचा आकडा तिथंच आहे. मोबाइलवर कच्ची जीपीएस उंची दाखवणारं अ‍ॅप असलं तर बेळगावात ते पाटीपेक्षा सत्तर-ऐंशी मीटर कमी दाखवतं, अ‍ॅप बिघडलेलं नसतं, जीपीएस एका कल्पित गुळगुळीत पृथ्वीवरून मोजतं आणि भारताच्या भागात खरी समुद्रपातळी त्या कल्पित पृथ्वीच्या बरीच खाली आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेला तर शंभर मीटरच्या वर खाली. मुंबईचं तिसरंच. बातम्यांत "आज ४.८ मीटरची भरती" असं येतं ते समुद्रसपाटीपासून नसतं, चार्ट डेटमपासून असतं, म्हणजे सगळ्यात खालच्या ओहोटीच्या जवळपासच्या रेषेपासून. सरासरी समुद्र त्या रेषेच्या अडीच मीटर वर असतो. मग ४.८ ची भरती आमच्या भाषेत आर.एल. सव्वादोन-अडीचच्या मध्ये कुठंतरी. हे न समजता कुणीतरी ४.८ मीटरचा कंटूर काढून अर्धी मुंबई रंगवतो आणि पाठवून देतो.

मीटरभरानं काय फरक पडतो हे खरं तर आमच्या भागाला शिकवावं लागत नाही. अलमट्टी धरणाचं पाणी आज ५१९.६० मीटरपर्यंत अडवतात आणि ते ५२४.२५६ पर्यंत नेण्याला कृष्णा लवादानं २०१० मध्ये परवानगी दिली, त्यावरून इतकी वर्षं जलाशयाच्या काठाला बुडीत जमिनीच्या भरपाईचं आणि अजून वर सांगली-कोल्हापूरच्या पुराचं भांडण चालू आहे. दशांशानंतर तीन आकडे लिहितात, कारण त्या रेषेच्या आत कुणाचं घर आणि बाहेर कुणाचं हे ठरवायचं असतं आणि त्यावर पैसे मिळतात. तिथं माणूस जाऊन दगड रोवतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे-बंगळूर हायवे पुरानं बंद पडला तेव्हा पाणी कुठपर्यंत आलं ह्याच्या खुणा निपाणीकडच्या लोकांनी भिंतींवर रंगानं करून ठेवल्या. समुद्राच्या आकड्याला असला दगड नाही, भिंतीवरची खूण नाही, सगळं वरून बघून.

त्याच पुरानंतर दोन महिन्यांनी न्यूयॉर्क टाइम्सनं कल्प-स्ट्रॉसच्या पेपरावरून नकाशे छापले, २०५० ची मुंबई, बरंचसं शहर पाण्याच्या रंगात. पूर ताजा होता त्यामुळं आमच्या ग्रुपवर पण ते दणादण फिरलं आणि लोकांनी समजून घेतलं की २०५० ला मुंबई कायमची गेली. पेपर तसं म्हणत नव्हता. एवढी जमीन तेव्हाच्या भरतीरेषेच्या खाली असेल असं तो म्हणत होता. खाली असणं आणि बुडणं ह्यात एक गोष्ट असते ती म्हणजे बांध. ह्या पद्धतीला बाथटब मॉडेल म्हणतात, पाणी अमुक लेव्हलला आलं की त्याखालचं सगळं भरलं असं धरायचं, मध्ये भिंत आहे का, पंप आहेत का, पाणी तिथपर्यंत पोचायला वाट तरी आहे का हे बघायचं नाही. आज ११ कोटी माणसं भरतीरेषेच्या खाली आहेतच की, आणि त्यातली बरीच कोरडी झोपतात, कारण त्यांच्यापुढं बंधारे आहेत. हॉलंड अर्धं ह्याच्यावर चाललंय.

हॉलंडला कशाला जायचं, दाजींच्या फ्लॅटच्या आजूबाजूलाच बघा. गोव्यातली खाजन जमीन, हजारो हेक्टर आहे, शेकडो वर्षांपूर्वी खाडीला मातीचे बांध घालून मिळवलेली. भरतीला ही शेतं बाहेरच्या पाण्याच्या खाली असतात. मध्ये मानस असते, लाकडी झडपांचं दार, भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी रेटलं की उघडतं. माणूस लागतो तो फक्त देखभालीला. आणि आपल्या खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावणारी म्हादई पुढं मांडवी होऊन ह्याच सगळ्या बांधांना लागून समुद्राला मिळते. नकाशात खाजन बुडालेली दिसते, जागेवर भात उभा असतो. पण उलटं पण आहे, बांध फुटला आणि कुणी दुरुस्त केला नाही की समुद्र एक मिलिमीटर न वाढता शेत खारं होतं. आणि भराव घालून त्यावर बिल्डिंग उभी केली की आतलं पावसाचं पाणी जायचं कुठं हा प्रश्न वेगळाच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यात भरती आली, गटारांची तोंडं समुद्रानं दाबली. असा पाऊस-भरतीचा एकत्र मार ह्या जागतिक आकड्यांत धरलेलाच नाही. म्हणजे बांध न धरल्यानं आकडा जास्त होतो, पाऊस न धरल्यानं कमी होतो, आणि दोन्ही एकमेकांना काटतात असं समजायला काही आधार नाही.

जमीन खाली जाते ते अजून वेगळं. २०२१ मध्ये निकोल्स आणि इतरांनी हिशोब केला की किनाऱ्यावरच्या माणसाला सरासरी वर्षाला ७.८ ते ९.९ मिलिमीटर पाणी चढल्यासारखं वाटतं, जगाच्या सरासरीच्या तिप्पट-चौपट. कारण माणसं राहतात ती गाळाच्या त्रिभुज प्रदेशात आणि बोअर मारून मारून खचवलेल्या शहरांत. जकार्ता डोळ्यांदेखत खचतंय, इंडोनेशियानं नवीन राजधानीच काढली.

राहिली माणसं. हे सोपं वाटतं पण नाही. आपली शेवटची जनगणना २०११ ची, पुढची २०२७ ला ठरली आहे, तोपर्यंतचे सगळे आकडे अंदाजाचे. त्यातून तालुक्याचा आकडा घेऊन तो एक-एक किलोमीटरच्या चौकोनांत वाटतात, रस्ते बघून, रात्रीचे दिवे बघून. कल्प-स्ट्रॉसच्या पेपरात लँडस्कॅन नावाचा डेटा आहे, तो तर झोपायला कोण कुठं असतो ते सांगतच नाही, चोवीस तासांची सरासरी धरतो. मग खानापूरचा पोरगा, रेशनकार्ड गावात, खोली म्हापशाला, काम पणजीत, तो कुठल्या चौकोनात पडला देव जाणे. शिवाय त्यांनी आजचीच माणसं उद्याच्या पाण्यात उभी केली आहेत, २१०० पर्यंत लोकसंख्या वाढणार की घटणार, लोक किनारा सोडणार की अजून किनाऱ्याला येणार हे सोडून दिलंय. मला विचाराल तर हे शहाणपणाचं आहे, एका अंदाजावर दुसरा चढवण्यापेक्षा बरं. (किनारा तरी किती लांब? भारताचा ७,५१६ किलोमीटर शाळेत पाठ केला होता, आता जास्त बारीक स्केलवर मोजून ११,०९८ झाला. जमीन वाढली नाही, वळणं मोजली गेली.)

तर पाच आकडे असे. ११ कोटी म्हणजे आजच्या भरतीरेषेखाली राहणारे. १९ कोटी म्हणजे धूर कमी केला तरी २१०० च्या भरतीरेषेखाली येणारी आजची वस्ती. ३४ कोटी म्हणजे धूर भरपूर धरून २०५० ला वर्षातून एकदा पाणी येऊ शकेल अशा लेव्हलखालचे, ६३ कोटी तेच पण २१०० ला आणि अंटार्क्टिकाचं सगळ्यात वाईट धरून. १०० कोटी म्हणजे भरतीरेषेपासून १० मीटरच्या आत राहणारे, त्यांचा बुडण्याशी थेट संबंध नाही, पण बातमीत सगळ्यात आधी तेच जातात. नंतर २०२१ मध्ये हूइयर आणि व्हर्निमेन ह्यांनी आयसीसॅट-२ ह्या नासाच्या उपग्रहाच्या लेझरनं, जो पानांच्या फटीतून जमिनीपर्यंत पोचतो, मोजून सांगितलं की समुद्रसपाटीच्या २ मीटरच्या आत २६.७ कोटी लोक आहेत. माझा विश्वास सध्या ह्या आकड्यावर जास्त आहे, कारण त्यात अंदाज कमी आणि मोजणी जास्त, आणि "बुडणार" हा शब्द त्यात नाही.

हे सगळं दाजींना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे रे, मला कशाला धरतात आकड्यात?" धरतात दाजी, म्हटलं, डोकं मोजतात, मजला मोजत नाहीत. आणि लिफ्टचा खड्डा, पाण्याची टाकी, मीटरबोर्ड, तुमची गाडी हे सगळं खालीच असणार की. तुम्ही फक्त बिल्डरकडून प्लिंथची (जोत्याची) आर.एल. मागून घ्या, समोरच्या रस्त्याची घ्या, आणि तिथल्या मोठ्या भरतीची लेव्हल पण त्याच शून्यापासून मागा, तीन आकडे, बाकी जगाचं राहू दे.

अक्कानंच फोन केला बिल्डरच्या ऑफिसला. तिकडून उत्तर आलं, "मॅडम काळजीच करू नका, समुद्र आपल्यापासून दीड किलोमीटर लांब आहे." अक्का म्हणाली लांब नको, उंच किती ते सांगा. सांगतो म्हणालेत.